उस्तादांची टाकी

"मॅडम, पाणी कसंय?"

गायकवाडमामांनी हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा माझ्या आईनं मी जेवले का हेही विचारलं नसेल. जिन्यात भेटले की हा प्रश्न. मी गच्चीत कपडे वाळत घालतेय, खालून हा प्रश्न. नववीच्या वर्गात फळ्यावर आरसा आणि किरण काढतेय आणि पर्समध्ये फोन थरथरतोय, म्हणजे हाच प्रश्न. बरं, पाणी म्हणजे नळाचं नव्हे, ज्याबद्दल भिवंडीत कुणीही कुणालाही विचारावं. पाणी म्हणजे त्यांच्या घरातल्या एका बोटभर माशाच्या टाकीतलं पाणी. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि तो मासा त्या घरात मीच आणला, हे माझे दोन गुन्हे. त्यांची शिक्षा मी चांगली वर्षभर भोगली.

मामा गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मीही बोलणारच आहे. पण त्याआधी त्यांनी मला किती छळलं ते सांगू द्या, नाहीतर मला चैन पडायची नाही.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहते. खाली दोन खोल्यांत मामा आणि मामी. त्यांच्या बाहेरच्या खोलीची एक भिंत म्हणजेच शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याची भिंत. ह्याच कारखान्यात मामांनी पस्तीस वर्षं जॉबरकी केली. जॉबर म्हणजे लूम बसवणारा, बिघडला तर नीट करणारा माणूस. विणणारे कारीगर येतात-जातात, मालक बदलतो, पण चांगला जॉबर सापडला की त्याला कुणी सोडत नाही. मामा निवृत्त झाले तरी कारखान्याला ते पटलं नव्हतं. एखादा लूम अडला की भिंतीपलीकडून कुणीतरी हातोडीनं तीनदा ठोकायचं आणि मामा ताटावरून उठून जायचे.

पस्तीस वर्षांच्या खडखडाटानं त्यांचे कान पार बसले होते. त्यामुळे ते ओरडून बोलायचे आणि समोरच्यालाही ओरडायला लावायचे. आमच्या गल्लीत गुपित म्हणून काही राहिलंच नसेल तर ते मामांमुळे. पण कान गेले त्याची भरपाई त्यांच्या हातानं केली होती. कुठलीही वस्तू दिसली की आधी तिच्यावर पंजा ठेवायचा. मिक्सर, पाण्याची मोटर, रिक्षाचं बॉनेट, काहीही. "आधी हात लाव, मग डोकं लाव," हे त्यांचं म्हणणं. एकदा माझ्या फ्रीजला हात लावून म्हणाले, "पंधरा दिवस." मला राग आला, कारण फ्रीज चांगला चालत होता. चौदाव्या दिवशी तो बंद पडला. मामांना फार वाईट वाटलं. माझं दूध नासलं म्हणून नाही, एका दिवसानं अंदाज चुकला म्हणून.

मामी दिघाशीच्या. गाव तसं तासाभरावर, पण शेतात, शांत. मामींच्या भावाला मूलबाळ नव्हतं, त्यानं जाताना दोन खोल्या बहिणीच्या नावावर केल्या. तेव्हापासून मामींचं एकच मागणं होतं की उरलेलं आयुष्य दिघाशीला काढायचं. त्या फारशा तक्रारखोर नव्हत्या. गुडघे दुखतात हे सांगायच्या नाहीत, मुलगी पुण्याहून महिना महिना येत नाही हेही नाही. पण झोपेचं मात्र सांगायच्या. "मला हितं झोप न्हाय गं लागत, वैशाली. लगीन होऊन आले तवापासनं न्हाय. खाट हलती." मामींची खाट त्याच भिंतीला टेकलेली होती.

आणि मामांचं उत्तर ठरलेलं. "सवय होईल." लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि हा माणूस अजून 'सवय होईल' म्हणत होता. त्यांची स्वतःची गोष्ट उलटी होती. लूमचा आवाज बंद झाला की त्यांची झोप उडायची. दिघाशीला मेव्हण्याच्या लग्नाला गेले तेव्हा डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून हळदीच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे पहिली गाडी पकडून परत आलेले, लग्न तिकडे आणि हे इकडे. मामी तो अपमान विसरल्या नव्हत्या. दिघाशीचा विषय निघाला की मामा म्हणायचे, "मी तिथं मरीन." मामी म्हणायच्या, "आणि मी हितं." मग दोघं जेवायला बसायची.

अशा घरात मी मासा आणला.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका मुलीनं फायटर मासा ठेवला होता. जांभळा-निळा, झालरीसारखे पंख. हा मासा वर येऊन हवेतला श्वास घेतो, असा तिचा प्रयोग. प्रदर्शन संपलं, बक्षीस मिळालं, मुलगी मासा विसरली. तिची आई फोनवर म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडंच राहू द्या." दिवाळीच्या सुट्टीत मी गावी निघाले होते, म्हणून लोणच्याच्या बरणीतला तो मासा चार दिवसांसाठी मामांकडे ठेवला. चार दिवसांसाठी. हे मी नंतर कितीदा मनाशी म्हटलं असेन.

मामांनी बरणीवर पंजा ठेवला, आत वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "ह्याला वळायला जागा न्हाय, मॅडम. ही बरणी हाय का तुरुंग?"

"मामा, चारच दिवस."

"तुला चार दिवस कपाटात ठेवलं तर?"

गावी मला त्यांचे दिवसाला तीन फोन आले. तिसऱ्या दिवशी मी वैतागून फोनवर जे वाचलं ते त्यांना ओरडून सांगितलं: ह्या माशाला निदान वीस लिटरची टाकी लागते, वर झाकण लागतं कारण तो उडी मारतो, पाण्याला जोरात ओढ नको, लपायला जागा हवी, आणि टाकी भरली की लगेच मासा सोडायचा नाही, महिनाभर ती मुरू द्यायची. पाण्यात चांगले जंतू धरले की ते माशाची घाण पचवतात. एवढं सांगितलं की सुटेन असं मला वाटलं होतं.

परत आले तर बाहेरच्या खोलीत टीव्ही जमिनीवर, आणि टीव्हीच्या जागी, कारखान्याच्या भिंतीला लागून, काचेची टाकी. टाकीत पाणी, झाडं, मडक्याचा अर्धा तुकडा, सगळं होतं. मासा नव्हता.

"कुठं गेला?"

"उस्ताद किचनमध्ये हायेत," मामा म्हणाले.

उस्ताद! कारखान्यात ज्या जॉबरच्या हाताखाली शिकले त्याला ते उस्ताद म्हणायचे, म्हणे. आता हा मान बोटभर माशाला मिळाला होता आणि बोलणं आदरार्थी. उस्ताद महिनाभर मामींच्या डाळीच्या मोठ्या पातेल्यात राहिले. ते पातेलं ओट्यावर, मागच्या खोलीत. मामी रोज सकाळी त्याकडे बघून एक सुस्कारा सोडायच्या आणि छोट्या पातेल्यात दोनदा डाळ लावायच्या. बाहेर रिकामी टाकी चालू. "नवा लूम बसवला की आधी रिकामा चालवायचा असतो," मामा म्हणाले. "सूत लावायची घाई केली की धागा तुटतो."

ही शिस्त पुढे पुढे मला सोसवेना. पाणी तपासायच्या पट्ट्या मी आणायच्या, रंग मी वाचायचा, कारण 'तू सायन्सवाली'. देशी बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाकली की माशाला बरं वाटतं, हे कुठल्या अवदसेनं मी त्यांना सांगितलं देव जाणे. शाळेच्या आवारात बदामाचं झाड आहे. मोठ्या बाईंनी मला दोनदा पानं गोळा करताना पाहिलं आणि दुसऱ्या वेळी हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? टाकीचं झाकण मामांनी स्वतः केलं. लूममध्ये ताण्याचे धागे ज्यातून जातात ती बारीक तारांची फणी असते. जुनी फणी कापून त्यांनी अशी बसवली की हवा जाईल पण उस्ताद उडी मारून बाहेर पडणार नाहीत. दिसायला सुंदर झाली होती, हे मला रागातही मान्य करावं लागलं.

महिना भरला. मी पट्टी बुडवली, रंग बघितला, हो म्हटलं. मामांनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि पातेलं घेऊन आले. उस्तादांचा गृहप्रवेश झाला. मामींनी पातेलं चिंचेनं घासलं.

आणि उस्ताद मडक्याच्या तुकड्याखाली जाऊन बसले ते बाहेरच येईनात.

पंख मिटलेले, रंग उतरलेला. दाणा टाकला तर बघायचेही नाहीत. फायटर मासा खूश असला की पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो. पातेल्यात उस्तादांनी तसं केलं होतं, मामींनी स्वतः बघितलं होतं. टाकीत एक बुडबुडा नाही. मामांनी चौकशी सुरू केली आणि आम्ही दोघी आरोपी झालो. माझ्या पट्ट्या खोट्या. माझी पानं धुतलेली नाहीत. मग संशय मामींच्या फोडणीवर गेला. पाण्यावर तेलाचा वास बसतो म्हणून आठवडाभर त्या घरात बिनफोडणीची डाळ शिजली. पुढच्या आठवड्यात मामींनी बंड केलं आणि भरपूर बोंबील आणून तळायला घेतले. मामांनी धावत जाऊन टाकीवर टॉवेल टाकला.

"हे काय?" मी विचारलं.

"त्यांना दिसायला नको," मामा म्हणाले. थट्टेनं नाही, अगदी मनापासून.

"पातेल्यात बरा व्हता," मामी तव्यावरचे बोंबील उलटत म्हणाल्या. हे त्या रोज म्हणायच्या. मामांना ऐकू येत नव्हतं, किंवा येत होतं.

मग शुक्रवारचं प्रकरण झालं. मामांच्या लक्षात आलं की शुक्रवारी उस्ताद बाहेर येतात. पहिल्यांदा त्यांनी मला धरलं. "मॅडम, शुक्रवारी तू टाकीत काय टाकतेस?" मी काही टाकत नव्हते. मग मामींना. मग पुढच्या शुक्रवारी स्वतःच टाकीसमोर स्टूल टाकून सकाळपासून बसले. दुपारच्या शाळेला निघताना मी डोकावले तर उस्ताद पंख पसरून काचेला अंग घासत फिरत होते आणि पाण्यावर एका कोपऱ्यात बुडबुड्यांचं चांगलं बशीएवढं घरटं. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नाही सांगत. शनिवारी सकाळी घरटं मोडलेलं आणि उस्ताद मडक्याखाली.

भिवंडीत शुक्रवार म्हणजे लूमची सुट्टी. हे पोरांनाही माहीत आहे. पण ते मला सुचलं नाही, कारण मी गल्लीत राहून त्या आवाजाला सरावले होते. मामांना सुचायचा प्रश्नच नव्हता. सुचलं ते मामींना, आणि त्यांनी ते भांडी घासता घासता सांगितलं. "शुक्रवारी भिंत हलत न्हाय. म्हणून."

"कुठं हलते भिंत?" मामा म्हणाले. त्यांनी भिंतीवर पंजा ठेवला. डोळे मिटले. पलीकडे चोवीस लूम चालू. "न्हाय हलत."

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्या हाताला माझ्या फ्रीजचा मृत्यू पंधरा दिवस आधी कळला, त्या हाताला ती भिंत हलतेय हे कळत नव्हतं. लूमची एक पट्टी सैल झाली असती तर त्यांनी इथूनच सांगितलं असतं. पण सगळं नीट चालू असलं की ते त्यांच्या हिशेबी स्थिर. माझा संताप संताप झाला. मी मागे गेले, परात घेतली, पाणी ओतलं आणि आणून भिंतीपाशी जमिनीवर ठेवली.

परातीतल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. थांबत नव्हती.

मामा उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. मग परात उचलून खोलीभर फिरले. दाराशी ठेवली, वर्तुळं. कपाटापाशी, कमी. मागच्या खोलीत ओट्यावर, जिथे पातेलं असायचं तिथे, पाणी स्वच्छ, आरशासारखं. पाच मिनिटांत ओट्यावरचे मामींचे डबे जमिनीवर आले, टाकी रिकामी झाली आणि दुपारपर्यंत उस्ताद मागच्या खोलीत मुक्कामाला गेले.

मामी दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. ओरडल्या नाहीत. मामांच्या जवळ जाऊन, त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्सं सांगतेय, खाट हलती. माश्यानं सांगितलं तर एका दिसात ऐकलंत. माझ्या टायमाला हा हात कुठं व्हता?"

मग त्या चप्पल घालून बाहेर पडल्या आणि दोन गल्ल्या पलीकडे बहिणीकडे जाऊन बसल्या. माझी खरं तर टाळ्या वाजवायची इच्छा होती.

शाळेतून संध्याकाळी आले तर खालचं दार उघडंच होतं. मामा बाहेरच्या खोलीत. त्यांनी मामींच्या खाटेवर, उशीच्या जागी, ती परात ठेवली होती आणि समोर खुर्ची टाकून बसले होते. मी "मामा" म्हणून हाक मारली, मग ओरडून मारली. त्यांनी वर बघितलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला पाणी कसंय ते विचारलं नाही.

आठ दिवस ते घर गप्प होतं. मामी परत आल्या होत्या, खाट आडवी फिरवली होती, पण बोलणं नव्हतं. नवव्या दिवशी मामा जिना चढून माडीवर आले. "मॅडम, रविवारी मोकळी हायेस? दिघाशीला जायचंय. परात घे."

मला वाटलं, चला, सुटलो. मामी जिंकल्या. कसलं काय! खरा छळ इथून सुरू झाला, कारण मामांनी मामींसाठी घर लावायला घेतलं, आणि त्यांना घर लावायची एकच पद्धत माहीत होती.

किती रविवार आम्ही दिघाशीला गेलो ते मी मोजायचं सोडून दिलं. दोन खोल्यांच्या कोपऱ्या-कोपऱ्यात परात. पहिली खोली बाद, कारण वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ट्रक गेला की पाणी हलतं. दुसरीत खाटेची जागा ठरली, मग गावातली गिरणी चालू झाली आणि ती जागाही बाद. गिरणी दिवसातून दोन तास चालायची, आणि त्या वेळी मामी जाग्याच असणार, हे मी घसा फोडून सांगितलं. "दुपारी लवंडली तर?" मामा म्हणाले. खाटेच्या चार पायांखाली लूमखाली घालतात ते रबर आले. खिडकी पूर्वेची होती ती बंद करून उत्तरेला पाडली. गवंडी तीनदा पळून गेला. चौथ्या वेळी त्याने माझाच नंबर लावला आणि म्हणाला, "ताई, त्या बाबांना जरा समजवा ना." विहिरीच्या पाण्यात पट्टी बुडवून मी रंग बघितला. मामींना ते पाणी लहानपणापासून पाठ होतं, तरी बघितला.

"मी मासा न्हाय!" मामी एका रविवारी किंचाळल्या. सगळं गाव ऐकेल असं. "मला आत्ताच्या आत्ता हितं सोडा, मी राहते!"

"एकदम न्हाय," मामा शांतपणे म्हणाले. "धक्का बसतो. पहिल्या आठवड्यात दोन दिवस. मग तीन."

आणि खरंच त्यांनी तसंच केलं. जिचा जन्म त्या गावात झाला तिला त्यांनी महिनाभर हप्त्याहप्त्यानं गावाची सवय लावली. मामी रिक्षातून येता-जाता माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या. पण एक सांगते, तो हात लावताना त्या हसत असायच्या. एवढी वर्षं ज्या माणसानं एक खाट हलवली नव्हती, तो आता त्यांच्यासाठी खिडकी इकडची तिकडे करत होता. त्यांना ते आवडत होतं आणि त्या ते कबूल करणार नव्हत्या. मला त्या दोघांचाही सारखाच राग येत होता.

शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर दोघंही दिघाशीला राहायला गेली. उस्ताद मामांच्या मांडीवर, त्याच बरणीत, फक्त एका प्रवासापुरते. टाकी आधीच जाऊन मुरली होती, हे वेगळं सांगायला नको. खालच्या खोल्यांना कुलूप लागलं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा शांतता आली. उस्ताद तिथे अजून काही महिने चांगले राहिले आणि वयानं गेले. त्याची बातमी मला सकाळी सव्वासहाला फोन करून देण्यात आली.

डिसेंबरात मी त्यांच्याकडे जेवायला गेले. भाकरी, वालाचं बिरडं, आणि मामी. चेहरा ओळखू येईना. गाल भरले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. चाळीस वर्षांची झोप त्या वसूल करत होत्या. जेवण झालं आणि बोलता बोलता त्या लवंडल्या, दोन मिनिटांत घोरायला लागल्या. मामा शेजारच्या चटईवर डोळे मिटून पडलेले.

"यांना बी लागते आता झोप," मामींनी लवंडण्याआधी मला अभिमानानं सांगितलं होतं. "उगाच घाबरत व्हते."

मी उठून निघाले तर मामांनी डोळे उघडले. लालभडक. ओठांवर बोट ठेवलं आणि उठून माझ्याबरोबर बांधापर्यंत आले.

"मामा, तुम्ही झोपत नाही."

"डोळ्यांत कचरा गेला."

"दोन्ही डोळ्यांत?"

त्यांनी मागे घराकडे बघितलं. "तिला बोलू नको. ती परत चल म्हणेल. मग परत ती खाट." आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, "रबर बदलायला झालेत. पुढच्या रविवारी येशील?"

मी येणार नाही म्हटलं. मला त्यांचा असह्य राग आला होता. बायकोच्या झोपेसाठी चाळीस वर्षं काही केलं नाही आणि आता करायचं तर असं, स्वतःची पार वाट लावून. मधलं काही ह्या माणसाला जमायचंच नाही. मी गाडीत बसले आणि थोडी रडले. का ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

त्यानंतर महिन्याभरानं माझ्या मोरीचा नळ गळायला लागला. घरमालक म्हणून मामांना फोन केले तर उचलेनात. मंगळवार होता, त्या दिवशी शाळा सकाळची होती, ती सुटून मी घरी येत होते. गल्लीच्या तोंडावरचा पानवाला म्हणाला, "जॉबरबाबा? ते काय, आत्ताच कारखान्यात गेले."

इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत शिरल्यावर छातीतच खडखडाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना लूम, मध्ये चिंचोळी वाट, हवेत कापसाची धूळ. शेवटच्या लूमपलीकडे कापडाचे तागे रचले होते, त्यावर एक गादी, आणि गादीवर मामा. पाठीवर, तोंड उघडं, कपाळावर एक आठी नाही. चोवीस लूम त्यांच्याभोवती धडाडत होते आणि ते लहान मुलासारखे झोपले होते.

"मामा!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

कुणीतरी दंडाला हात लावला. रशीदभाई, मामांच्या हाताखाली तयार झालेले, आता तिथले जॉबर. त्यांनी मला दाराशी नेलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "जगाइए मत मॅडम. हर मंगल को आते हैं. दो-तीन घंटा सोते हैं, फिर चाय पीके गाडी पकडते हैं."

"मामी को क्या बोल के आते हैं?"

"पेन्शन का काम."

मामांना कसली पेन्शन! माझ्या तोंडून एक शिवी गेली. बरं झालं ऐकू आली नाही. "मामी को मालूम पडेगा तो..."

रशीदभाई हसले. "गद्दी चाची ने ही भेजी है, मॅडम. मुझे फोन किया. बोलीं, कपडे के गट्ठों पे सोएंगे तो कमर पकड लेगी. और बोलीं, उनको बताना मत कि मुझे मालूम है."

मी दाराशी उभी राहिले. म्हणजे तिकडे ही बाई दर मंगळवारी त्यांना डबा बांधून देत होती, पेन्शनच्या कामाला लवकर निघा म्हणत होती, आणि इकडे हे. चाळीस वर्षं एकमेकांशी ओरडून बोललेली माणसं. एक सरळ वाक्य बोलायची वेळ आली की दोघांचीही वाचा बसायची. मला वाटलं, जाऊन त्या गादीवरून ह्या माणसाला गदागदा हलवावं आणि हे सगळं त्यांच्या कानात ओरडावं.

मी पुन्हा एकदा आत बघितलं. मामांनी झोपेत कूस बदलली आणि उशीत तोंड खुपसलं. रशीदभाईंनी पंख्याची दिशा त्यांच्याकडे वळवली. मी वळले आणि घरी आले. नळ अजून पंधरा दिवस गळत राहिला, आणि मामांना मी त्यानंतर पाहिलं नाही.